एवढी ओळ होऊ दे

आमच्या इमारतीत गॅसचा सिलिंडर गळायला लागला, तेव्हा कोण काय घेऊन खाली धावलं याची यादी मी आजही तोंडपाठ म्हणून दाखवतो. तळमजल्यावरच्या जोशीबाईंनी देवांचा डबा घेतला. दुसऱ्या मजल्यावरच्या ठाकूरशेठनी आधी गाडीची किल्ली घेतली आणि मग बायकोला हाक मारली. हा क्रम त्यांच्या घरात पुढं वर्षभर गाजत होता. मी स्वतः एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात चहाचा अर्धा कप घेऊन उतरलो. कप का घेतला ते मला अजून कळलेलं नाही. खाली सगळे जमले, डोकी मोजली, तर एक डोकं कमी.

फातिमाभाभींनी मान वर करून हाक मारली, "सुमैया, खाली ये लवकर. गॅस हाय तो, फुटला तर काय करशील?"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अगदी निवांत आवाज आला, "आले अम्मी. एवढी ओळ होऊ दे."

आम्ही सगळे माना वर करून उभे. ठाकूरशेठ बोटं मोडत होते. जोशीबाई डब्यातल्या देवांना काहीतरी सांगत होत्या. चार मिनिटांनी सुमैया जिना उतरून आली. काखेत दोन लांब सुया, सुयांवर निळ्या लोकरीचं काहीतरी लोंबतंय, आणि चेहऱ्यावर, एवढी गर्दी कशाची, असा भाव.

"अगं, जीव गेला असता," मी म्हटलं.

"सर, ओळ अर्धी सोडली की टाके ताणतात," ती म्हणाली. "मग तिथं भोक दिसतं. कायमचं."

सिलिंडरचा वायसर बदलला आणि आम्ही जगलो. ती ओळही बिनभोकाची झाली.

सुमैया आमच्या समोरच्या दारातली. जुन्या पनवेलातल्या आमच्या तीन मजली इमारतीत ती आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या, वडील दुबईला. उंची बेताची, चष्मा जाड, पाठीवर कॉलेजची सॅक. सॅकच्या चेनमधून दोन सुयांची टोकं वर आलेली असायची, त्यामुळं मागून बघणाऱ्याला एखादं मोठं झुरळ मिशा हलवत इंजिनीअरिंगला चाललंय असं वाटायचं. ही उपमा मी तिला सांगितली, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "झुरळाला केटी लागते का सर?"

केटी हे तिच्या आयुष्यातलं दुसरं मोठं प्रकरण. नापास झालेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या सेमिस्टरला बसायचं, म्हणजे केटी. तिला ती गणितात लागली होती आणि मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून रोज संध्याकाळी ती समोरचं दार ओलांडून आमच्याकडं यायची. मे महिन्यात तो पेपर पुन्हा द्यायचा होता. तेव्हाही तो सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. वर्ष घरी.

आता अशा मुलीनं काय करावं? गणित करावं. ती स्वेटर करत होती.

याला थोडीफार जबाबदार माझी बायको शुभा. शुभा नाशिकची. तिकडं थंडी पडते, त्यामुळं तिला स्वेटर विणता येतो. लग्न होऊन पनवेलला आल्यावर ही कला तिनं माळ्यावर ठेवून दिली होती, कारण पनवेलमध्ये थंडी वर्षातून साधारण अडीच दिवस असते आणि तेवढ्यासाठी आम्ही पंखा पाचऐवजी दोनवर ठेवतो. जानेवारीत सुमैयाच्या कॉलेजची द्रोणागिरीकडं कुठल्यातरी कोल्ड स्टोरेजला भेट होती. तापमान कसं सांभाळतात ते बघायला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शुभाकडं आली आणि दारातूनच म्हणाली, "काकू, स्वेटर शिकवाल? मोठ्या माणसाचा. पूर्ण बाह्यांचा."

शुभाला आनंद झाला. माळ्यावरच्या सुया खाली आल्या. एक सुलट, एक उलट असा घोष सुरू झाला. आठ दिवसांत शुभाला कळलं की आपण एका पोरीला विणकाम शिकवलेलं नाही, तर विणकामाच्या तावडीत एक पोरगी दिली आहे.

कारण सुमैयाकडं वेळ नव्हता. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, जर्नलं, सबमिशन, संध्याकाळी माझी शिकवणी. मग तिनं वेळ शोधला, आणि तो जिथं सापडला तिथं सुया खुपसल्या. सहा आसनी रिक्षात ती विणायची. तिच्या शेजारी कुणी बसायला तयार नसे, त्यामुळं कोपर हलवायला जागा मिळायची. लेक्चरला बाकाखाली विणायची. एकदा प्राध्यापकांनी तिला पकडलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "सर, डिजिटल. सुलट म्हणजे एक, उलट म्हणजे शून्य." प्राध्यापकांनी पाच मिनिटं ती बॉर्डर बघितली आणि तिला खाली बसायला सांगितलं. तोंडी परीक्षेच्या रांगेत सगळी मुलं पुस्तकात तोंड घालून थरथरत उभी असायची आणि ही टाके मोजत. त्या काळात पनवेलला भारनियमन होतं, रोज दुपारी काही तास वीज गुल. बाकी जग हातपंखा हलवत शिव्या घालायचं. सुमैया म्हणायची, "बरं झालं. आता कुणी अभ्यास कर म्हणणार नाही."

हळूहळू तिचं घड्याळच बदललं. ती वेळ ओळींत मोजू लागली. एक ओळ म्हणजे सुमारे चार मिनिटं. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे तीन ओळी. एसटी स्टँड ते कर्नाळा सहा ओळी, खिंडीत ट्रक बंद पडला असेल तर नऊ. कॉलेज कर्नाळ्याच्या पुढं, आणखी दोन ओळी. फातिमाभाभींनी विचारावं, "किती वेळ हाय गं?" आणि हिनं सांगावं, "पाच ओळी."

हा रोग संसर्गजन्य निघाला. एकदा शुभानं मला आंघोळीला पाठवलं आणि बाहेरून ओरडली, "दोन ओळींत या, पाणी जाईल." मला ते बरोबर कळलं, आणि कळल्याची मला भीती वाटली.

शिकवणीलाही ती विणायचीच. मी कागदावर उदाहरण सोडवतोय, तिची नजर कागदावर, बोटं सुयांवर. सुरुवातीला मी चिडलो. मग एके दिवशी पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहरींचा धडा चालला होता. तीन वेळा समजावूनही तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी ती मांडीवरचं विणकाम बघत म्हणाली, "म्हणजे ही वेणीची वीण. दर आठ ओळींनी तीच येते. आठ ओळी समजल्या की सगळा स्वेटर समजला." मी वीस वर्षं गणित शिकवतोय, एवढं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढल्या वर्षापासून मी हे वाक्य वर्गात माझं म्हणून वापरतो.

पण माझा स्वभाव खोडकर. मला गप्प बसवत नाही. आणि देवानं माझ्यासमोर हा विषय असा ताटात वाढून ठेवला होता, कारण स्वेटर जायचा होता दुबईला.

मे महिना. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. वीज गेलेली. आणि ही पोरगी मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसलेली. मी म्हटलं, "सुमैयाबाई, दुबईला स्वेटर पाठवायचा म्हणजे करंज्याच्या बंदरावर सुकट विकायला बसायचं."

"तिथं एसी फार असतो सर," ती म्हणाली आणि टाके मोजत राहिली.

हा विनोद मला इतका आवडला की मी तो ठाकूरशेठना सांगितला, स्टाफरूममध्ये सांगितला, चहाच्या टपरीवर सांगितला. टपरीवाल्यानं त्यात स्वतःची भर घातली की पुढच्या महिन्यात ती बापाला छत्री पाठवणार आहे. मग मी ती भरही सांगायला लागलो.

एसीचं मात्र खरं होतं. निदान आमच्या इमारतीत ते सगळ्यांना पाठ होतं. शुक्रवारी नमाजनंतर दुबईहून फोन यायचा आणि संध्याकाळी फातिमाभाभी जिन्यात उभ्या राहून सांगायच्या, "आमच्या ह्यांना अल्लाच्या मेहेरबानीनं काय तरास नाय. चोवीस तास एसी. उन्हात जायचंच नाय." ठाकूरशेठनी स्वतः गावची जमीन विकून गाडी घेतली होती, पण एसीचं नाव काढलं की त्यांचाही चेहरा पडायचा. भाभी दुबईला पाठवायच्या पार्सलात लोणचं, सुकट, पापड आणि न चुकता कोकमाच्या तेलाचे गोळे भरायच्या. थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या की आपण लावतो ते तेल. मी विचारलं, "भाभी, दुबईत टाचा फुटतात का?" त्या म्हणाल्या, "असू दे सर. आपलं हाय म्हणून पाठवायचं."

तिकडूनही वस्तू यायच्या आणि सोबत यादी. खजूर इतके, साबण इतके, सुमैयासाठी कॅल्क्युलेटर. यादी कायम पेन्सिलीनं लिहिलेली. एकदा ती माझ्या हाती पडली तेव्हा मी म्हटलं, "तुझे अब्बा अजून पहिलीत आहेत का? पेन कधी मिळणार त्यांना?"

माझ्या विनोदावर सुमैया निदान नाक तरी उडवायची. त्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. यादी माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मला वाटलं, टाके मोजण्यात लक्ष असेल.

मे महिन्याच्या मध्याला दोन तारखा एकाच दिवशी आल्या. सकाळी गणिताचा पेपर. आणि दुपारी तीनला तिचे रफिकमामू सुट्टी संपवून दुबईला परत निघणार. स्वेटर जायचा तर त्यांच्यासोबतच. नंतर वर्षभर ओळखीचं कुणी जाणारं नव्हतं.

चार दिवस राहिले होते. स्वेटरची पाठ झाली होती, एक बाही झाली होती, पुढचा भाग गळ्यापर्यंत आला होता. मला वाटलं, आता सुटलो, चार दिवस निव्वळ गणित. संध्याकाळी मी आत गेलो तर सुमैया पुढचा भाग खिडकीशी धरून उजेडात बघत होती. मग तिनं सुई काढून घेतली, लोकरीचं टोक धरलं आणि ओढायला सुरुवात केली. सर्र, सर्र. ओळीमागून ओळी उसवत चालल्या.

"अगं काय करतेस?"

"भारनियमनात अंधारात सुया बदलल्या गेल्या सर. दहा नंबरच्या जागी आठ नंबरची जाड सुई घेतली. या चाळीस ओळी सैल पडल्यात."

मी जवळ जाऊन बघितलं. मला काही दिसेना. शुभा आली, तिनं बघितलं, म्हणाली, "अगं, धुतल्यावर बसेल सगळं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"छातीवर आलंय काकू. वारं शिरेल."

मग मात्र माझा आवाज चढला. मी शिक्षक माणूस, गुणाकार केल्याशिवाय मला नीट रागावताही येत नाही. "चाळीस ओळी या," मी म्हटलं, "वरचा गळा, दुसरी अख्खी बाही. दोनशे ओळींच्या खाली काही नाही. दोनशे गुणिले चार, तेरा तास झाले. मग शिवायचं वेगळं. तेरा तासांत तुझा अर्धा सिलॅबस होतो. केटी राहिली तर वर्ष जाईल. आणि हे कशासाठी, तर दुबईच्या एसीत बसलेल्या माणसाच्या छातीला वारं लागू नये म्हणून. त्याला म्हणावं, एसीचं बटण फिरव."

ती उसवायची थांबली नाही. चाळिसावी ओळ सुटली, तेव्हा टाके पुन्हा दहा नंबरच्या सुईवर घेतले आणि मग माझ्याकडं बघितलं.

"सर, बटण बाहेरच्या बाजूला असतं," ती म्हणाली. "अब्बा आत असतात."

मला कळेना.

"द्रोणागिरीला आम्हाला कोल्ड स्टोरेजमध्ये नेलं होतं ना. उणे वीस. आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं, डोळ्यांतलं पाणी गार पडलं. आत एक काका खोकी मोजून लिहीत होते. गळ्यात दोऱ्याला पेन्सिल. मी विचारलं, पेन का नाही? ते म्हणाले, आत शाई गोठते, पेन चालत नाय." तिनं एक टाका घातला. "अब्बा आधी पेननं लिहायचे. तीन वर्षांपूर्वी सांगितलं की प्रमोशन झालं, आता चोवीस तास एसी. तेव्हापासून पेन्सिल आहे."

शुभा पदराशी चाळा करत उभी होती.

"कंपनी जॅकेट देत असेल की," मी म्हटलं. माझा आवाज एकाएकी फार खाली आला होता.

"देते. त्या काकांनाही देते. आधीच्या पाळीच्या माणसाचं ओलं झालेलं. ते म्हणाले, आत स्वतःचा स्वेटर असला तर माणूस टिकतो." मग सुई फिरवून म्हणाली, "अम्मीला सांगू नका सर. तिला वाटतं, एसी म्हणजे एसीच."

मी हा प्रसंग सांगताना एरवी इथं एखादा विनोद टाकला असता. त्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि करंज्याची सुकट, टपरीवाल्याची छत्री, पहिलीतले अब्बा, हे सगळं एकेक करून माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. ते सगळं मीच गावभर वाटलेलं होतं.

मग मी गणिताचं पुस्तक उचललं. "तू विण," मी म्हटलं. "मी वाचतो."

पुढचे चार दिवस आमच्या घराचा कारखाना झाला. मी प्रश्न वाचायचा, तिनं पायऱ्या तोंडी सांगायच्या, चुकली की मी पुस्तकावर थाप मारायची. तिनं लिहून बघितलेलं मला एकदासुद्धा दिसलं नाही आणि त्या काळजीनं माझी झोप उडाली. शुभा म्हणाली, "दुसरी बाही मी घेते." सुमैयानं तिची वीण निरखून बघितली आणि फार अदबीनं नाही म्हणाली. "काकू, तुमचा हात घट्ट आहे. एक बाही तुमची, एक माझी झाली तर अब्बा तिरके चालतील." शुभाला चहा करायचं काम मिळालं.

लोकर संपली. नवी लडी आणली, तर तिचा गुंडा करायला हवा. मग माझे दोन्ही हात पुढं, मनगटांवर निळ्या लोकरीची लडी, मांडीवर पुस्तक, आणि पान उलटायला शुभा. दार उघडं होतं. ठाकूरशेठ गच्चीवर जायला जिन्यानं वर येत होते. आत बघून थबकले.

"सर, अटक झाली काय?"

"हो," मी म्हटलं. "जामीन नाही."

"दुबईचा स्वेटर वाटतं," ते हसत म्हणाले. "ते छत्रीचं सांगा ना पुन्हा. आमच्या मेव्हण्याला ऐकायचंय."

"विसरलो," मी म्हटलं. ठाकूरशेठना ते खरं वाटलं नाही, पण माझे हात बांधलेले बघून ते पुढं गेले.

पेपरच्या सकाळी एसटीत ती विणत गेली. बाहीच्या शेवटच्या ओळी होत्या, मी मुद्दाम सोबत होतो. कर्नाळ्याच्या खिंडीत ट्रक बंद पडला होता. बसमधली सगळी परीक्षेची मुलं खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरवर ओरडत होती. सुमैया म्हणाली, "थँक्यू." कुणाला म्हणाली, ट्रकला की अल्लाला, मी विचारलं नाही.

दुपारी पावणेदोनला ती परत आली आणि चप्पल न काढता शिवायला बसली. बाह्या जोडल्या, बाजू शिवल्या. तीनला खाली टॅक्सीचा हॉर्न. गळपट्टी राहिली होती. रफिकमामू वर आले, घामानं डबडबलेले.

"सुमे, चल आता. विमान माज्या बापाचं नाय."

"मामू, एवढी ओळ होऊ दे."

"अगं, ती तुजी ओळ हाय का दुबईची रांग?"

पण ते बसले. काय करणार, दारात मी उभा होतो. तीन वाजून बारा मिनिटांनी तिनं टाके बंद केले, दातानं लोकर तोडली आणि स्वेटर त्यांच्या हातात दिला. मामूंनी तो बघितला, उन्हाकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं.

टॅक्सी गेल्यावर मी विचारलं, "पेपर?"

"सहावा प्रश्न अर्धा राहिला सर." मग जरा लाजून म्हणाली, "ओळ अर्धी सोडली."

ती काठावर पास झाली. अगदी काठावर, एक गुण इकडं झाला असता तर वर्ष पाण्यात. पेढे वाटताना फातिमाभाभी म्हणाल्या, "सरांनी लई मेहनत घेतली." सरांनी पेढा तोंडात टाकला. सरांनी फक्त लडी धरली होती.

मामू गेले त्याच्या पुढच्याच शुक्रवारी फोन आला होता. मी मुद्दाम तिथं जाऊन बसलो होतो. स्पीकरवर आधी खोकल्याचा आवाज आला, मग, "लई मस्त झालाय, बेटा. पेटीत जपून ठेवलाय. हिथं कुठं थंडी, वापरायचं काय कामच नाय."

सुमैया म्हणाली, "बरं झालं अब्बा. पेटीतच राहू दे." फोन ठेवल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खोटं बोलायच्या आधी ते खोकतात."

दीड वर्षानं तिचे अब्बा सुट्टीवर आले, तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती आणि जर्नलांच्या मधे मोजे विणत होती. इब्राहिमभाई म्हणजे उंच, बारीक, शब्द मोजून बोलणारा माणूस. त्यांची एक गोष्ट सगळ्या इमारतीच्या चर्चेचा विषय झाली. ऑक्टोबरचं ऊन, दुपारी दोनची वेळ, आम्ही सगळे खिडक्या लावून पंख्याखाली पडलेलो. आणि हा माणूस गच्चीवर भर उन्हात खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचा. तासन्‌तास. ठाकूरशेठ म्हणाले, "एसीला कंटाळला असेल." मी म्हटलं, "असेल."

एकदा मी गच्चीवर गेलो. त्यांनी उठून हात मिळवला. बोटांची टोकं लाकडासारखी कडक, आणि भेगांमधे काळं साचलेलं. ते माझ्या लक्षात आलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हात लगेच खिशात गेला.

"सर," ते खोकले नाहीत, नुसते थांबले. "पोरगी काय विचारते काय? मी तिकडं काय काम करतो, काय नाय?"

माझ्या पोटात एखादी गोष्ट अर्ध्या तासाच्या वर राहत नाही, हे आमच्या अख्ख्या आळीला माहीत आहे. मी म्हटलं, "नाही. तुम्ही एसीत असता, एवढंच माहीत आहे तिला."

"हां," ते म्हणाले आणि पुन्हा उन्हाकडं तोंड करून बसले. "तेवढंच बरं हाय."

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही निरोप द्यायला गेलो. बॅग उघडी होती, भाभी सामान लावत होत्या. तळाशी निळी लोकर दिसली. सुमैयानं ती ओढून बाहेर काढली.

स्वेटरच्या दोन्ही बाह्यांचे कफ झिजून झालर झाले होते. कोपरं पातळ झाली होती. आणि छातीवर, जिथं तिनं चाळीस ओळी उसवल्या होत्या तिथं, पेन्सिलीच्या काळ्या ओरखड्यांचा एक पट्टा होता.

इब्राहिमभाई खोकले. "पेटीतच होता. घडीसुदीक मोडली नाय."

सुमैयानं एक बाही उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली.

"पेटीत ठेवली की लोकर झिजते अब्बा," ती गंभीरपणे म्हणाली. "हवा लागत नाही ना."

तिनं कात्री आणली. झिजलेला कफ कापला, उघडे टाके सुईवर उचलले आणि नवा कफ विणायला घेतला. एक कफ झाला. दुसरा अर्ध्यावर आला. भाभी बॅगेच्या कोपऱ्यात कोकमाच्या तेलाचे गोळे कोंबत होत्या, एक, दोन, तीन, चार. कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "एसीनं हात फुटतात." मी त्यांच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ते तेल त्या कुठल्या टाचांसाठी पाठवत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. सुमैयानं मान वर केली नाही, पण तिची बोटं जोरात चालायला लागली. पुन्हा हॉर्न. भाभींनी बॅगेची चेन ओढली.

इब्राहिमभाई गॅलरीत गेले आणि खाली वाकले.

"थांब रे भाऊ जरा," ते म्हणाले. "एवढी ओळ होऊ दे."

मग आत येऊन ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले, हात मांडीखाली घालून. मी गणिताचा माणूस, मी मोजत होतो. कफाला हव्या तेवढ्या ओळी झाल्या. वर आणखी चार झाल्या. तिनं ओळ संपवली, सुई फिरवली आणि पुढची सुरू केली. ते बघत राहिले.